प्रश्नचिन्हापुढचं

गुदैबियातल्या कार्गो कचेरीत, मागच्या खोलीत,
जिथे एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात ठिबकतं,
मी नियम लिहिते:
जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर कसं धाडायचं.
टोपी, टिंब, डॉलर, उलटी तिरकी रेघ.
एक खूण चुकली की अख्खं दुकान
पाचशेचा आकडा दाखवून गप्प बसतं.

रविवारी नवी वेबसाइट लागली. बदरसाहेबांनी खजूर वाटले.
बुधवारी मुनीर चौगुले काउंटरवर,
तडा गेलेला फोन माझ्यापुढे धरून:
"माजा खोका खंय हाय, येवढाच सांग."

एसेमेसातली लिंक दाबली की
त्यांना पहिलंच पान दिसायचं. हसणारी बाई, विमान,
मोठं पिवळं बटण. सुस्वागतम.
तीन दिवसांत नव्वद वेळा स्वागत झालं होतं त्यांचं.

खोक्यात भावाच्या होडीचा पंखा.
पितळी, तीन पात्यांचा,
मुहर्रकच्या भंगारात चार शुक्रवार घासाघीस करून मिळवलेला.
होडी दाभोळला, वाळूवर, पंख्यावाचून.

पत्ता वाचताना माझा नियम प्रश्नचिन्हाशी थांबतो.
नजरच तिथवर जाते त्याची.
पलीकडचं बघायचं तर वेगळी अट लागते, वरच्या ओळीत, आधी.
आणि पलीकडे काय असतं?
पावतीचा नंबर. कुठून. कुठे. किती वजनाचं.
अलीकडे दुकानाचं नाव तेवढं.

तरी यंत्र भलं आहे, काही न सांगता
ते पलीकडचं गाठोडं पुढे नेऊन देतं.
मीच नव्या पत्त्याच्या टोकाला
एक उघडं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, पुढे काहीच नसलेलं.
जाहिरातींची लांबलचक शेपटं छाटायला.
पत्ता नीटनेटका दिसावा म्हणून.
रात्री दोन वाजता मला ते सुंदर वाटलं होतं.

उघडं प्रश्नचिन्ह म्हणजे हुकूम:
आलेल्यानं जे विचारलं ते उंबऱ्यातच टाक,
मग त्याला आत घे, रिकाम्या हातांनी.

समोरच्या एक्सचेंजच्या फलकावर अरबीत एक सवाल आहे.
त्याचं प्रश्नचिन्ह उलट्या तोंडाचं,
नकाशात आपला किनारा असतो त्या बाजूला उघडणारं.
मुनीरभाई काम होईस्तोवर तिकडेच बघत उभे.

मी ती खूण काढली. सर्व्हरला नियम पुन्हा वाचायला लावले.
माझ्या पडद्यावर खोका सापडला. जेबेल अली, जहाजाच्या रांगेत.
त्यांच्या फोनवर: विमान. पिवळं बटण. सुस्वागतम.

कारण नियमाच्या शेवटी मी तीनशे एक लिहिलं होतं.
कायमचं स्थलांतर.
फोन हे एकदाच ऐकतो, मग दाराशी येऊन विचारत नाही,
आठवणीतल्या आठवणीत थेट चुकीच्या घरी जातो.
तीनशे दोन म्हणजे तात्पुरतं. ते दर खेपेला येऊन विचारतं.
मला तेव्हा ते हलक्या दर्जाचं वाटलं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, का कोण जाणे.
त्यांनी पाकिटातून सीपीआर कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.
"एकतीस वर्सां. दर दोन वर्सांनी इचारतात.
म्हंजे मी तीनशे दोन."
आणि कार्ड परत आत.

"फोनची आठवण पुसू का?"
त्यांनी फोन छातीशी घेतला. "फोटो?"
फोटो राहतात, म्हटलं. वाटा तेवढ्या जातात.

बाकी शेकडो फोन आहेत, सित्रा ते हमद टाउन,
त्यांच्यासाठी माझी दुरुस्ती म्हणजे वरातीमागून घोडं.
पण हा एक उघडला.
मुनीरभाईंनी बोट ठेवून सगळं वाचलं, प्रश्नचिन्हापुढचं,
नंबर, मनामा, दाभोळ,
आणि वजनापाशी थांबले.

"अकरा किलो चारशे?
मी बारा भरलेला."